एकच पातं

लग्न होऊन आम्ही भोसरीत भाड्याच्या घरात आलो, तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक घडीचा चाकू असायचा. लाकडी मुठीचा, एका पात्याचा. डब्यातली काकडी, पार्सलची चिकटपट्टी, ड्रेसचा सुटलेला दोरा, एवढंच त्याचं काम. मी कामाला आहे त्या चाकणच्या कंपनीत पात्याची कुठलीच वस्तू गेटच्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून शिफ्टभर तो स्कूटरच्या डिकीत पडून राही.

माझा नवरा मेंटेनन्समध्ये फिटर. त्याच्या खिशात कायम मल्टिटूल. उलगडलं की पक्कड, आणि दांड्यांत पेचकस, कानस, ओपनर, छोटी करवत, चाकू. माझ्या वाढदिवसाला त्याने मलाही तसंच एक आणलं. म्हणाला, "तो चाकू आता किचनमध्ये ठेव. यात सगळं आलं." पुढे बरेच महिने मी तेच वापरलं आणि मला ते आवडलंही. स्कूटरचा हलणारा आरसा मी स्वतः घट्ट केला, तेव्हा तर फारच.

एका दुपारी पहिली शिफ्ट करून घरी निघाले होते. मोशीजवळ पुढची मोटारसायकल डगमगली आणि कशीबशी थांबली. मागे बसलेल्या मुलीची ओढणी चाकात गेली होती. तिची मान मागे ओढली गेली होती आणि दोन्ही हात गळ्याशी. तिचे वडील गाडी मागे ढकलायला बघत होते, पण कापड चेनमध्ये घट्ट बसलेलं.

मी धावले. मल्टिटूल हातात घेतलं, नख लावून ओढलं, तर पेचकस निघाला. पुन्हा ओढलं, कानस. तिसऱ्यांदा नख तुटलं. मुलीच्या घशातून बारीक आवाज येत होता.

"ताई, सोड ते! ही घे!" रस्त्याकडेला पेरूची गाडी लावणाऱ्या बाई सुरी घेऊन पळत आल्या. मी मुलीच्या मानेमागे बोटं घालून कापड उचललं आणि सुरी बाहेरच्या बाजूने फिरवली. ओढणी तुटली. मुलगी खाली बसली, खोकत राहिली, मग जोरात रडायला लागली. तिचे वडील माझ्यासमोर नुसते हात जोडून उभे होते.

घरी सगळं सांगितलं. नवऱ्याने मल्टिटूलचं पातं उघडून पाहिलं. मग म्हणाला, "पात्याला तेल द्यायला हवं होतं. आणि तुला सवय नाही अजून."

"तिचा जीव जात होता. मी काय काय उघडत बसू?"

त्याने मल्टिटूल मिटून बाजूला ठेवलं. मला वाटलं, त्याला लागलं. मलाही त्याची वस्तू वाईट ठरवायची नव्हती. त्याच्या कामात बंद पडलेली मशीन आपली वाट बघते. तिथे शोधायला, विचार करायला वेळ असतो. पण त्या क्षणी मला हवं होतं एकच पातं, जे शोधावं लागणार नाही. वस्तू किती कामं करते एवढंच आपण मोजतो. घाबरलेल्या हाताला ती सापडेल का, हे मी तरी तोवर स्वतःला विचारलं नव्हतं.

जुना चाकू किचनमध्ये कांदे कापून बोथट झाला होता, मूठही भिजून तडकली होती. रविवारी आम्ही नवा घ्यायला गेलो. दुकानात नवऱ्यानेच एकेक चाकू उघडझाप करून पाहिला. शेवटी एक माझ्या हातात दिला. "अंगठ्याने उघड. एका हाताने. बघ, लॉक होतो, बोटांवर मिटणार नाही." मी उघडला. "डोळे मिटून," तो म्हणाला. तसाही उघडला. दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला.

आता तो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असतो आणि मल्टिटूल डिकीत. पण रस्त्यात कुणाची ओढणी वाऱ्यावर उडताना दिसली की मी हॉर्न देत शेजारी जाते, ओरडून सांगते. कुणी हसतं, कुणी रागाने बघतं. बहुतेक जणी ओढणी गोळा करून मांडीखाली दाबतात.