आयता गोल

परतुरात बदरोद्दीन शेख कुठं राहतो म्हणून विचारलं, तर लोक डोकं खाजवतील. आयता कुठं राहतो विचारा, मोंढ्यातला हमालसुद्धा पोतं खाली ठेवून तुम्हाला दारापर्यंत पोचवून येईल. हा आयता भारताकडून फुटबॉल खेळलेला माणूस आहे. सात सामने, तीन गोल.

तिन्ही गोलांच्या वेळी तो गोलच्या खांबांपासून दोन पावलांवर उभा होता. पहिला त्याच्या गुडघ्याला लागून गेला. दुसरा त्यानं खरोखर पायानं मारला. तिसऱ्याच्या वेळी चेंडू फारच जोरात येतोय हे बघून त्यानं घाबरून पाठ फिरवली आणि चेंडू त्याच्या ढुंगणावर आपटून आत गेला. सामना परदेशात होता; दुसऱ्या दिवशी तिकडच्या एका पेपरात छापून आलं की भारतीय स्ट्रायकरनं विलक्षण कल्पकता दाखवली. ते कात्रण फ्रेम करून त्याच्या बैठकीत लावलेलं आहे. ढुंगणाचा उल्लेख त्यात नाही.

आता स्ट्रायकरचं काम तरी काय असतं? दहा जणांनी घाम गाळायचा आणि अकराव्यानं नेमक्या जागी उभं राहायचं. बदरोद्दीन जन्मभर नेमक्या जागीच उभा राहत आला. खेळाच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली, तिथंही दुसऱ्यांनी तयार केलेल्या कागदांवर शेवटचा शिक्का तो मारायचा. घरातही तेच. त्याची बायको अजीजुन्निसा घरी उर्दू बोलते, पण टोमणे मराठीत मारते, कारण ते शेजाऱ्यांनाही कळले पाहिजेत. “मटण मी आणलं, कांदा मी चिरला, चुलीपाशी मी बसले. यांनी वरून कोथिंबीर टाकली आन पाव्हण्याला सांगितलं, बिर्याणी आम्ही केली.”

बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन तो गावी परतला तेव्हा गावानं त्याला डोक्यावर घेतलं आणि लगेच क्रिकेटच्या स्पर्धांची उद्घाटनं करायला लावलं. दरवर्षी त्याच्या हातात बॅट देतात, तो हवेत फिरवतो, लोक टाळ्या वाजवतात, गळ्यात शाल पडते. शालींच्या अजीजुन्निसानं उशा शिवल्या. त्या घरात पाहुणा झोपला की त्याच्या डोक्याखाली एक सत्कार असतो.

हा सगळा मान ज्याच्या पायांमुळे मिळाला तो माणूस या सत्कारांना मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचा. त्याचं नाव कडूबा. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचं पोरगं, जालन्याला वसतिगृहात राहून शिकलेलं. बदरोद्दीन परतुरहून गाडीनं त्याच शाळेत यायचा. कडूबा मैदानाच्या कडेनं असा सुटायचा की अडवायला आलेले दोघं-तिघं एकमेकांवरच आदळायचे. मग तो चेंडू आणून बदरोद्दीनच्या पायात ठेवायचा, वळायचा आणि हात वर करून परत चालू लागायचा. गोल झाला का हे बघायचासुद्धा नाही. निवड करणारे साहेब आले, त्यांनी गोल कोणी मारले ते बघितलं आणि बदरोद्दीनला उचललं. कडूबा जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागला. साठीला टेकला तरी अजून बाईकवर डबा लटकवून जातो.

दोस्ती मात्र तुटली नाही. ईदला कडूबा परतुरला आणि चौदा एप्रिलला बदरोद्दीन जालन्याला, हे ठरलेलं. पण शाल गळ्यात पडली आणि मागच्या खुर्चीकडे नजर गेली की बदरोद्दीनला आतून टोचायचं. कडूबाच्या नावावर उभ्या आयुष्यात एकही गोल नव्हता.

यंदा सव्वीस जानेवारीला परतुरच्या मैदानावर जालना आणि परभणीच्या जुन्या खेळाडूंचा सामना ठरला, तेव्हा बदरोद्दीननं बायकोला बेत सांगितला.

“कडूला एक गोल मारायला लावायचा. समद्या गावासमोर.”

“कडूभाऊंनी मागितला का?”

“मागायचं काय त्याच्यात?”

अजीजुन्निसानं कांदा चिरायला घेतला.

सामना कसला, सुटलेल्या पोटांचं संमेलन होतं ते. पहिल्या पाच मिनिटांत धावणारे दमले आणि न धावणारे लंगडू लागले. कशीबशी एक-एक बरोबरी झाली. शेवटी शेवटी कडूबाला काय झालं कोण जाणे, तो कडेनं सुटला. साठीचा माणूस, पण परभणीचा एक जण त्याच्या हुलकावणीनं जागेवरच बसला आणि दुसऱ्याच्या कमरेत उसण भरली. परभणीचा गोलकीपर पुढं धावला, पडला, आणि पडल्यावर बरं वाटल्यामुळे तसाच राहिला. चेंडू अलगद बदरोद्दीनच्या पायात आला. समोर रिकामा गोल. गाव ओरडलं, “मार आयत्या.”

आयत्यानं मारला नाही. त्यानं चेंडू मागं कडूबाकडे ढकलला.

कडूबा सवयीप्रमाणे पाठ फिरवून हात वर करून चालला होता. लोकांच्या ओरडण्यानं वळून बघतो तर चेंडू पायाशी. तो गडबडला, जसा जमला तसा हाणला. चेंडू खांबावरून गेला आणि मंडपात पाहुण्यांच्या चहाच्या ट्रेवर पडला. इकडे कपबशा गोळा होईपर्यंत परभणीवाल्यांनी दुसरा चेंडू घेऊन तिकडे गोल केला आणि जालना हरलं.

मंडपामागं कडूबा बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. बदरोद्दीन जवळ गेला.

“पास कामून दिला?” कडूबानं खाली बघतच विचारलं.

“म्हटलं, एकदा तुझ्या बी नावावर गोल…”

“माझ्या नावावर हायेत की. शाळेतले तुझे जेवढे गोल, समदे माझे हायेत. मिलमध्ये समद्यांना सांगून राह्यलो, मी बॉल दिला म्हंजे बद्रू चुकत न्हाई, मागं वळून बघायचं कामच न्हाई. आज तू मला वळून बघायला लावलं. भीक घातली मला.”

त्या दिवशी कडूबा बिर्याणी न खाता गेला. असं पहिल्यांदाच झालं.

नंतर फोन उचलेना. ईद आली, कडूबा आला नाही. बदरोद्दीनचं जेवण तुटलं. अर्ध्या भाकरीवर उठायचा, फ्रेमसमोर जाऊन उभा राहायचा, अन् ती फ्रेमही त्याला बघवेना. दोस्त गेला तर आपल्याकडे उशा तेवढ्या उरतील, हे त्याला कळून चुकलं.

शेवटी अजीजुन्निसा म्हणाली, “जालन्याला जा. आन या टायमाला सुरवातीपासून करा, नुसती कोथिंबीर टाकू नका.”

तो काखेत फुटबॉल मारून गाडीत बसला. मिलच्या फाटकासमोर मोकळी जागा होती. तिथं त्यानं स्वतः दोन विटा शोधून आणल्या, अंतर ठेवून मांडल्या आणि उन्हात उभा राहिला. शिफ्ट सुटली. बाईकवरून निघालेले कामगार थांबून बघू लागले. कडूबा बाहेर आला, त्याला बघून थबकला. बदरोद्दीननं चेंडू त्याच्याकडे लोटला.

“दे,” एवढंच म्हणाला.

कडूबानं डबा एकाच्या हातात दिला. चेंडू पायात घेऊन तो रस्त्याच्या कडेनं निघाला, एका टेम्पोला वळसा घातला आणि तिरका पास सोडला. मग पाठ फिरवली, हात वर केले.

बदरोद्दीनला सात सामन्यांत अशी भीती वाटली नव्हती. पायात चप्पल, गुडघा वाकेना, आणि चेंडू एका दगडावर आपटून थेट अंगावर उसळला. त्यानं आयुष्यभराच्या सवयीनं पाठ फिरवली. चेंडू ढुंगणावर बसला आणि दोन विटांच्या मधून गेला.

कामगार खो-खो हसले. कडूबानं वळून बघितलं नाही.

“म्हटलं होतं का न्हाई,” तो त्यांना म्हणाला, “मी दिला म्हंजे चुकत न्हाई.”