काच साफ आहे

माझा दादा आयुष्यभर काच पुसत आला. घरच्या खिडकीची नव्हे, इंजिनांच्या प्रयोगशाळेतल्या एका जाड पोलादी डब्याची. त्या डब्यात डिझेलचा फवारा सोडतात, तो पेट घेतो, आणि किती लांब गेला, कुठे पेटला हे बाहेरचा कॅमेरा काचेतून टिपतो. चार फवारे झाले की काच काजळते. मग दादाने ती उतरवायची, पुसायची, दिव्यासमोर तिरकी धरून ओरखडा शोधायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "साफ!" हा शब्द ऐकल्याशिवाय कोणी बोल्ट आवळत नसे. ओरखडा राहिला तर दाबाखाली काच तिथूनच फुटते.

या एका शब्दाचा त्याला भारी तोरा. घरी पाण्याचा पेला दिला तरी उजेडात फिरवून बघणार. "पी आता," मी म्हणायची, "त्यात काही फवारा सुटणार नाहीये."

पुढे त्याला मोतीबिंदू झाला. चहात साखर समजून मीठ घातलं तेव्हा मला कळलं. डॉक्टरकडे चल म्हणून मी घसा कोरडा केला.

"दिव्याकडे बघितलं की सगळं पांढरंफटक होतं, एवढंच. बाकी हाताला कळतं," तो म्हणायचा. "ऑपरेशनचं कळलं तर मला उचलून स्टोअरमध्ये बसवतील."

हट्टीपणात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

तिथला कॅमेरा सांभाळणारी एक मुलगी होती. त्याला काका म्हणायची, त्याच्याच शेजारी बसून डबा खायची. एकदा फवाऱ्याच्या चित्रणात तिला बारीक रेघ दिसली. फवारा पुढे सरकत होता, ज्वाळा पसरत होत्या, रेघ मात्र जागची हलत नव्हती.

"काका, काचेवर काही आहे का, बघता?"

दादाने काच उतरवली, पुसली, वरून बोट फिरवलं. "साफ!"

काच पुन्हा बसवली आणि डब्यात दाब भरायला सुरुवात झाली. कॅमेऱ्यापुढच्या संरक्षक पडद्यातून फोकस नीट लागत नाही, म्हणून सगळेच तो बाजूला करत. तिनेही केला, वाकली, आणि काच फुटली. पोरीचा उजवा डोळा गेला.

चौकशीत ठरलं, पडदा तिने सरकवला, चूक तिची. तिची नोकरीही गेली. काच साफ होती, असं दादाने समितीसमोर सांगितलं होतं. मला त्याचा इतका संताप आला की त्याला अक्षरशः ओढत नेऊन मी ऑपरेशन करवलं.

पट्टी सुटल्यावर कामावर जाऊन त्याने आधी ते चित्रण लावलं. रेघ अगदी सुरुवातीपासून होती, फवारा सुटायच्याही आधी. तो तसाच साहेबांकडे गेला, चूक माझी म्हणाला.

"प्रकरण मिटलंय," साहेब म्हणाले. "आता कशाला उकरून काढताय?"

मग आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. आत वळताना उजवीकडची खुर्ची तिला दिसली नाही, गुडघा आपटला. दादा उभ्याउभ्याच म्हणाला, "मी साफ म्हणालो गं, पण मला दिसतच नव्हतं."

तिने तीच खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"काका, तुम्ही दिवा लावत नाही, हे मी रोज बघायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, इतका मुरलेला हात, त्याला दिवा कशाला लागतोय."

तिच्या आईने दादाला पाणी आणून दिलं. त्याने पेल्याकडे न बघताच ते पिऊन टाकलं.