शेपटीखाली काहीच नव्हतं

साहेबाची बंदूक वखारीच्या ओट्यावर आली, तेव्हा मी उंटाच्या पिल्लाचं तोंड धरून बसलो होतो. ओठ सुजलेले, वर काळ्या खपल्या. आईच्या सडाला तोंड लावलं की पिल्लू कळवळून मागे सरायचं. अकोल्यात कापसाचे भाव आभाळाला भिडले होते आणि मी या साहेबाकडे, एका विलायती व्यापाऱ्याकडे, साळोत्री, म्हणजे जनावरांचा वैद्य होतो.

साहेबाला वाटलं, देवीच आल्या. रोग मोठ्या उंटांत आणि माणसांत पसरायच्या आत पिल्लं मारायची ऑर्डर निघाली. उंटवाला जेठा माझ्यापाशी येऊन बसला. दरसाल कापूस वाहायला उंट घेऊन इकडे येऊन तो वऱ्हाडीच बोलायचा.

“पिल्लं मेले तं आमी आठवड्याभरात उपाशी. पिल्लाबिगर उंटिणी दूधच नाई देत. कायी करा, पण वाचवा.”

मी एकेक पिल्लू तपासलं. देवी असत्या तर पोटावर, काखेत, शेपटीखालीही फोड आले असते. इथे सगळं ओठांवरच होतं. कुंपणाच्या बाभळी चघळून ओठ ओरबाडले होते, आणि त्या ओरखड्यांतून एकाचा रोग दुसऱ्याला लागला होता. हा रोग आपोआप बरा होतो. तोवर पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, एवढंच काम.

मी हे सांगितल्यावर साहेबाने नाखुशीने मुदत दिली, पण एकाही माणसाला फोड आला तर बंदूक चालेल, असं बजावलं. आम्ही पिल्लं कुंपणापासून दूर बांधली. खपल्यांना लोणी लावलं. जेठाची बायको दूध काढून वाटीने पाजू लागली.

आणि फोड आला माझ्याच बोटाला. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून थेट साहेबापुढे बोट धरलं.

“मला देवी कधी आल्या नाहीत, मी टोचूनही घेतलं नाही. या देवी असत्या तर आज तापाने अंथरुणात असतो. तुमच्यापुढे उभा आहे, सकाळी भाकरीही खाल्ली.”

साहेबाने बोट लांबूनच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नोकराला बंदूक आत न्यायला सांगितली.

खपल्या गळल्या. एका सकाळी सगळ्यात अशक्त पिल्लू आईला ढुशा देऊन पिऊ लागलं. जेठा डोळे पुसत राहिला. माझाही जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून रोगाचं नाव घेण्याआधी मी जनावराची शेपटी उचलून बघतो. साहेब लोकांना ते असभ्य वाटतं. वाटो बापडं.