पावसचे गिटारवाले हरीभाऊ

हरिहर लिमये बरीच वर्षं प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये गिटार वाजवत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन वादकाकडून ते ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, शिकले. पुढे बंदरांवरच्या लहान क्लबांत फ्री जॅझ ऐकलं आणि त्याच्या नादी लागले. ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही. वाजवता वाजवता वाट काढायची. या दोन्हींतून त्यांनी स्वतःचं वाजवणं घडवलं होतं.

१९९८ मध्ये आई अंथरुणाला खिळली म्हणून ते रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी, पावसला परतले. वर्षभरात आई गेली. लग्न केलेलं नव्हतं. दिवसा आंब्याची बाग बघायची आणि संध्याकाळी पडवीत गिटार घेऊन बसायचं, एवढंच उरलं.

रत्नागिरीत त्यांनी एकदा कार्यक्रम केला. लोक कौतुकाने आले, पण थोड्याच वेळात एकेक जण उठू लागला. शेवटी एका गृहस्थांनी जवळ येऊन, सिनेमातलं एखादं गाणं येत नाही का, असं अगदी आपुलकीने विचारलं. त्यानंतर हरीभाऊंनी कुणाला ऐकायला बोलावलं नाही.

दादू स्वतःहून आला. तो त्यांच्याच बागेत कामाला असे आणि गावच्या भजनात मृदंग वाजवी. एका संध्याकाळी मृदंग घेऊन तो पडवीत येऊन बसला. सुरुवातीला जमेना, दादू समेची वाट बघायचा आणि सम यायचीच नाही. मग त्याने वाट बघणं सोडलं, आणि जमलं. पुढची काही वर्षं दोघं जवळजवळ रोज वाजवत. बोलणं फारसं नसे.

२००४ साली दादूची बायको सखू गेली. तेराव्यानंतर हरीभाऊ त्याच्याकडे गेले, तेव्हा अंगणात भजनी मंडळी बसली होती.

"हरीभाऊ, गिटार आणा," दादू म्हणाला. "तुमचं ते वाजवा."

"इथे? लोकांना रुचायचं नाही."

"सखूला आवडायचं. तुमच्या कुंपणाच्या गडग्यापाशी उभी राहून ऐकायची ती. तुम्हाला कधी बोलली नाही."

हरीभाऊंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गिटार आणली. सूर तुटत, चाचपडत पुढे जात होते. मृदंगावर दादूचा हात मधेच थांबत होता. त्या दिवशी कुणी उठलं नाही.

त्या दिवाळीनंतर दादूचा मुलगा त्याला मुंबईला घेऊन गेला. हरीभाऊ अजून पडवीत वाजवतात. मधेच बराच वेळ थांबतात, दादूचा मृदंग एकटा चालायचा तेवढा वेळ. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, संपलं.