उल्कान-एजेचे अकरा गुलाब

उल्कानने कोक-जारमध्ये फुलांचं दुकान काढायचं ठरवलं तेव्हा तिच्या नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "पण ती खायची कशी?"

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. डोंगराच्या कुशीतल्या या गावात कुणाला कुणाबद्दल माया वाटली की मेंढी कापली जाते. फारच उमाळा आला तर घोडा. फुलं उन्हाळ्यात कुरणात फुकट उगवतात आणि ती मेंढ्या खातात. पण उल्कानने गुरांच्या दवाखान्यात पंधरा वर्षं काढली होती. एकदा मनात घेतलं की बैलाला सुई टोचल्याशिवाय न सोडणारी बाई ती. दवाखाना बंद झाला तेव्हा ती म्हणाली, "पंधरा वर्षांत एकाही गायीने माझे आभार मानले नाहीत. आता जरा आभार मानणाऱ्यांत बसते."

बाजारात एक जुना लोखंडी कंटेनर घेऊन तिने तो गुलाबी रंगवला. डावीकडे टायरवाला, उजवीकडे टोक्तोसुन खाटीक.

"एजे," टोक्तोसुन रोज सकाळी म्हणायचा (एजे म्हणजे थोरली बहीण, आणि गावाने उल्कानला कधीच थोरली ठरवून टाकलं होतं), "तुझा माल चार दिवसांत माना टाकतो. माझा बघ, लटकवला तरी ऐटीत."

"तुझा माल हातात घेऊन आजवर कुणी लाजलंय का रे?"

यावर टोक्तोसुन घाईने सुरी घासायला घ्यायचा. कारण आठ मार्चला, बायकांच्या सणाला, गुलाबी कंटेनरसमोर पुरुषांची जी रांग लागायची, तिच्यात तोही उभा असायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

दुकान तगलं ते मात्र दूर गेलेल्या पोरांवर. घरटी एक तरी पोर रशियात. कुणी गोदामात, कुणी बांधकामावर. त्यांचे फोन यायचे: एजे, बायकोला पाठव, एजे, आईला पाठव. गुलाब राजधानीहून खिंड ओलांडून यायचे, उल्कान त्यांची जुडी बांधायची आणि वाटेच्या टॅक्सीतून वाड्यावस्त्यांवर रवाना करायची. जुडी बांधताना ती फुलं मोठ्याने तीनदा मोजायची. जिवंत माणसाला विषम फुलं, कबरीवर सम, हे कोक-जारमध्ये पाढे न येणाऱ्यालाही येतं.

यंदा सणाच्या दोन दिवस आधी एमिलचा फोन आला. वरच्या वस्तीवरच्या जुराकान-आपाचा (आपा म्हणजे आईसारखी बाई) एकुलता एक मुलगा.

"एजे, आईला अकरा गुलाब. मागच्या वर्षीसारखेच. पण या वेळी तुम्ही स्वतः न्या."

"का रे? टॅक्सी आहे की."

"वर्ष झालं, आई माझा फोन उचलत नाही. मागच्या आठ मार्चपासून. का ते कळत नाही. तुम्ही नुसतं बघून सांगा, बरी आहे ना."

आवाज इतका बारीक झाला होता की उल्कानने पुढे काही विचारलं नाही. सणाची रांग नवऱ्याच्या गळ्यात टाकली ("किंमत विचारली तर सांग, खायची कशी विचारलं तर माझं नाव सांग") आणि आठ तारखेला सकाळी अकरा गुलाब कोटाच्या आत घेऊन ती वरच्या वस्तीवर निघाली.

जुराकान-आपाने तीस वर्षं वस्तीच्या शाळेत गणित शिकवलं होतं. अर्ध्या गावाला बोटं दुमडून मोजायला तिने शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला बोटांवर पट्टी मारून. दार उघडताच तिने आधी उल्कानकडे बघितलं, मग कोटातून डोकावणाऱ्या फुलांकडे.

"तू आत ये. ती बाहेर ठेव."

"आपा, बाहेर बर्फ आहे."

"मग? त्यांना सर्दी होते?"

फुलं पायरीवर राहिली. दारात आलेल्याला भाकर चाखवल्याशिवाय परत पाठवणं आपाच्याने झालं नसतं, म्हणून रोटी आली, लोणी आलं, दुधाचा चहा आला. उल्कानने तुकडा मोडला आणि थेट विषयाला हात घातला.

"एमिलने पाठवलीत."

"ठाऊक आहे. या वेळी किती? आठ?"

"आठ कशाला? अकरा!"

"मागच्या वर्षी दहा होती." आपाने पेला खाली ठेवला. "दहा, उल्कान. मी चारदा मोजली. त्याआधी महिनाभर फोनवर भांडला होता, घर विकून माझ्याकडे ये म्हणून. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, बस मग तिथेच एकटी. आणि मग ही दहा फुलं आली. दहा फुलं कुणाला देतात हे मी त्याला मांडीवर बसवून शिकवलंय. त्याने मला पुरलं. बरं, पुरलेलं माणूस फोन उचलत नाही."

उल्कानने हातातला तुकडा खाली ठेवला. मागच्या वर्षीची ती जुडी तिनेच बांधली होती. तीनदा मोजून. दुकानातून निघाली तेव्हा अकरा, पोहोचली तेव्हा दहा, आणि मधल्या सात किलोमीटरांत एकच माणूस होता: टॅक्सीवाला शबदान.

"आपा, चहा गार होऊ देऊ नका," ती उठत म्हणाली. "मी आलेच."

"फुलं घेऊन जा."

"ती राहू देत. मी परत येणार आहे ना."

शबदान बाजारात गाडीच्या टपावर गाद्या बांधत होता. चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिलेला, आणि गेल्या उन्हाळ्यापासून पोस्टातल्या नुरजमालचा नवरा म्हणून छाती काढून फिरणारा.

"शबदान, मागच्या आठ मार्चला जुराकान-आपाच्या जुडीतलं एक फूल कुठे गेलं?"

त्याच्या हातातली दोरी सुटली. "वर्ष झालं, एजे. कोण लक्षात ठेवतं?"

"तुला आहे. कान बघ स्वतःचे, लाल झालेत."

"बकरी!" त्याला एकदम आठवलं. "मागच्या सीटवर एक बकरी होती. तिने खाल्लं असेल."

"एकच? बकरी एक गुलाब खाऊन, तोंड पुसून, उरलेले दहा सोडून देते? पंधरा वर्षं जनावरांत काढली मी, शबदान. बकरीने तुझी सीटसुद्धा खाल्ली असती."

त्याने इकडेतिकडे बघितलं, पोस्टाच्या बाजूला जरा जास्तच. मग आवाज खाली आणला. "नुरजमालला दिलं. तीन वर्षं मी त्या खिडकीशी नुसती तिकिटं घेत होतो, एजे. घरात तिकिटांचा ढीग आहे, पत्र लिहायला माणूस नाही. त्या दिवशी मागे अकरा फुलं होती. वाटलं, म्हातारीला दहा काय नि अकरा काय."

"दहा म्हणजे कबर, मेल्या!"

"तेव्हा मला काही सुचतच नव्हतं! मला फक्त एक फूल दिसत होतं!" तो रडकुंडीला आला. "नुरजमालला वाटतं, मी ते खास राजधानीहून आणलं. तिला कळलं तर…"

"तिला सांग म्हणत नाही मी. आपाला सांग. आत्ता, माझ्यासमोर."

"जुराकान-आपाला? एजे, मी त्यांच्याकडे चौथीत दोनदा बसलोय! त्यापेक्षा खिंड चालत ओलांडतो."

"गाडी सुरू कर."

"प्रवासी थांबलेत…"

उल्कान पुढच्या सीटवर जाऊन बसली, पट्टा लावला आणि समोर बघू लागली. त्या बसण्यात बैलाला धरून उभं राहण्याची पंधरा वर्षं होती. शबदानने गाद्या तशाच अर्धवट सोडल्या.

आपाच्या दारात त्याने टोपी काढली आणि चौथीतल्यासारखा भिंतीला चिकटून उभा राहिला. आधी म्हणाला वारा होता, एक फूल उडालं. आपाने नुसतं बघितलं. मग सगळं बाहेर पडलं: तिकिटं, खिडकी, अकरातून एक.

आपाने त्याला बोटाने पुढे बोलावलं.

"अकरातून एक गेल्यावर किती?"

"दहा, आपा."

"आता येतंय." तिने डोळ्यांवरून रुमालाचं टोक फिरवलं. "आणि तिने एका फुलावर होकार दिला?"

"लगेच नाही. जूनमध्ये."

"तुझं लग्न झालं आणि मी वर्षभर मेलेली." तिने खुंटीवरून पट्टी काढावी तसा हात उगारला, उल्कानने डोळे मिटले, पण तो हात शबदानच्या कॉलरवर पडला आणि दुमडलेली कॉलर सरळ करून मागे आला. "नुरजमालला सांगू नकोस. एका वर्षात एकाच घरातलं रडं पुरे झालं. आणि तिला पत्र लिही, गाढवा. तिकिटं आहेत ना?"

पायरीवरची फुलं आपाने स्वतः आत आणली. एकेक काढून टेबलावर ठेवली. अकरा होती, कडा जरा काळवंडलेल्या. मग तिने कपाटातून फोन काढला आणि तसाच हातात धरून उभी राहिली.

"नंबर पुसून टाकलाय मी."

उल्कानने आपल्या फोनवरून लावला आणि फोन आपाच्या हातात दिला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत एमिलने उचलला. "एजे? बरी आहे ना ती?"

"टोपी घातलीस का?" आपा म्हणाली.

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"विचारतेय मी, टोपी घातलीस का? तिकडे उणे वीस आहे, बातम्यांत सांगतात. आणि घर मी विकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुला यायचं असेल तर तू ये. रडू नकोस, मला ऐकू येत नाही मग."

उल्कानच्या दुकानात अजून नऊ जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या आणि नवरा एव्हाना गुलाब किलोवर विकत असण्याची दाट शक्यता होती. ती दाराकडे वळली. पण आपाने एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने तिची बाही घट्ट धरून ठेवली होती आणि मुलाशी बोलताना ती सोडायचं नाव घेत नव्हती. बाहेर शबदानने गाडी सुरू केली, बंद केली. उल्कान कोट अंगावर, एक बाही आपाच्या मुठीत, अशी उभीच राहिली.