सख्ख्या भावासही

भास्कर गेल्याचं सुमनवहिनींनी मला सकाळी फोनवर सांगितलं. रडणं नाही, आवाज चढवणं नाही. "मास्तर, हे गेले. तुम्ही या... आणि भाऊजींना कळवायचं का, ते तुम्हीच ठरवा." इंदिरानगरहून त्यांच्या मळ्यात पोचेपर्यंत मी त्या शेवटच्या वाक्याचाच विचार करत होतो. भावाचं मरण भावाला कळवायचं की नाही, असा प्रश्न त्या घराला पडावा याचं फार वाईट वाटलं. कळवलं अर्थातच.

नव्वदच्या दशकात भास्कर आमच्या भागातल्या फूल उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष होता. नाकासमोर चालणारा, आणि त्याचा थोडा गर्वही असलेला माणूस. संस्थेच्या जीपमधून वहिनींना त्याने कधी देवळातसुद्धा नेलं नाही. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. धाकटा दत्तू नेमका उलटा, बोलघेवडा, कुणाच्याही कामाला पुढे. एकदा त्र्यंबककडचा एक शेतकरी पेढे घेऊन आला. अण्णांच्या, म्हणजे भास्करच्या, शब्दामुळे पोरगं एका व्यापाऱ्याकडे कामाला लागलं, म्हणून पाया पडला. भास्करने त्या पोराचं नावही ऐकलेलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, दत्तू ठिकठिकाणी 'अध्यक्षांनी सांगितलंय' म्हणून लोकांची कामं करून देत होता. त्यात तो पैसे खात नव्हता, हे मी आजही सांगेन. चार लोकांनी 'दत्तूशेठ' म्हणावं, एवढीच हौस.

भास्करने पेढ्यांचा पुडा परत केला आणि पत्रं लिहायला घेतली. व्यापाऱ्यांना, बँकेला, सरकारी कचेऱ्यांना. माझं अक्षर बरं, म्हणून मसुदा मी उतरवायचा. 'माझे नाव व वजन वापरण्याचा अधिकार मी कोणासही, माझ्या सख्ख्या भावासही, दिलेला नाही.' भावाचं तेवढं गाळ, घरात समज दे, चव्हाट्यावर कशाला, असं मी परोपरीने सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तेवढंच तर लिहायचंय." नोंद घेतल्याची उत्तरं आली, काहींनी कौतुकही केलं. दत्तूला मात्र ते पत्र एका व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांदेखत वाचून दाखवलं. तो तडक मळ्यात आला, ओट्याखालीच उभा राहिला. "नाय वापरत तुझं नाव, अण्णा. पण आडनाव एकच हाय, ते कुठं टाकू?" एवढं बोलून तो माघारी फिरला.

पुढे अध्यक्षपद गेलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दोघांचाही. दत्तूच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती पोस्टाने. आमच्याकडे पत्रिकेत सगळी भावकी छापतात, गेलेल्यांनाही 'कै.' लावून आशीर्वादाला बसवतात. वडील होते, आजोबाही होते. भास्कर नव्हता. चष्मा पुसून त्याने ती पुन्हा वाचली. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला, "मीच लेखी कळवलं होतं." मग ती त्याने टेबलाच्या काचेखाली सरकवली. लग्नाला तो गेला नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मात्र त्याच टेबलाशी, त्याच जागी बसून चहा प्यायला.

दशक्रियेच्या कार्डाचा मजकूरही मी त्याच टेबलावर लिहीत होतो. दत्तू दारात उभा, आत येईना. तिथूनच म्हणाला, "मास्तर, खाली माझं नाव घालायचं का? अण्णाची परवानगी नाय माझ्याकडं." इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच विचारत होता, आणि हो किंवा नाही म्हणणारा माणूस उरला नव्हता. वहिनी उठल्या, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'शोकाकुल'च्या खाली पहिलं नाव त्याचं लिहिलं. दत्तू तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

परवा मळ्यात गेलो होतो. काचेखाली लग्नपत्रिकेशेजारी आता ते कार्डही आहे. दोघा भावांची नावं एकत्र छापलेला तेवढाच एक कागद त्या घरात आहे, आणि वरच्या नावाआधी 'कै.' आहे. मी सवयीने चहाचा कप काचेवर, नेमका त्या कार्डावर ठेवायला गेलो, तर वहिनींनी तो उचलून खिडकीत ठेवला.