अस्लमभाईचा तो एक पास

अस्लमभाई सात टीमकडून खेळला आणि एकदाही चॅम्पियन झाला नाही.

आज सकाळी गेला. दुपारी त्याला माती देऊन आलो.

दापोलीचा, सव्वासहा फुटांचा, पोटासाठी बास्केटबॉल खेळणारा माणूस. आखातातल्या ज्या कंपनीच्या टीमला उंच खेळाडू हवा, ती त्याला बोलवायची. सीझन संपला की हा पुढच्या टीमकडे. व्हिसावर 'स्टोअरकीपर' लिहिलेलं असायचं. कंपनीचं स्टोअर कुठे आहे, हे त्याला कधीच माहीत नसायचं.

दुबईतल्या आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीच्या टीममध्ये आम्ही दोन वर्षं एकत्र खेळलो. मी ऑफिसातला, हौशी. तो प्रोफेशनल. माझा आवाज आला की न बघता पास द्यायचा.

"बघायचं कशाला? तू कोकलतोसच एवढा," म्हणायचा.

मग २००८ची मंदी आली. साइटवरच्या क्रेन थांबल्या. कंपनीने आधी प्रोफेशनल खेळाडू काढले.

व्हिसा कॅन्सल. महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर सगळं कुटुंब परत दापोलीला.

अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये भाभींनी भांडी खोक्यांत भरायला घेतली. लेकीच्या, नाझियाच्या शाळेतून टीसीचा फॉर्मही आणला.

"अब्बा, आर वी गोइंग फॉर व्हेकेशन ऑर फॉर एव्हर?"

"बेटा, अजून एक मॅच आहे," अस्लमभाई बूट पुसत म्हणाला.

ती मॅच अबू धाबीच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीच्या टीमकडून होती. त्यांच्या लेबनीज कोचने सांगितलेलं, एक फ्रेंडली खेळ, मग ठरवू.

समोर आम्ही.

आमच्या मॅनेजरनेही बजावलं होतं, हरलात तर टीम बंद, आणि पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी कोण राहील सांगता येत नाही.

शेवटचं मिनिट. ते एका पॉइंटने पुढे. आमचा शॉट हुकला, बॉल अस्लमभाईच्या हातात.

मी ओरडलो, "अस्लमभाई, लेफ्ट!"

त्याने न बघता पास दिला. मला. समोरच्या टीमच्या माणसाला!

मी बास्केट केली. आम्ही जिंकलो.

कोच लालबुंद. "हबीबी, यू गेव्ह द बॉल टू देम!"

दुसरा कोणी असता तर मान खाली घालून निघून गेला असता. अस्लमभाई टॉवेलने तोंड पुसत म्हणाला, "कोच, टू इयर्स आय प्लेड विथ दॅट व्हॉइस. गिव्ह मी टू डेज. आय विल लर्न युअर बॉइज."

कोचने त्याच्याकडे बघितलं. "टू डेज. देन खलास."

दोन दिवस हा मुसफ्फाच्या लेबर कॅम्पच्या मेसमध्ये बसून राहिला. त्या टीममध्ये वेल्डर होते, फिटर होते. त्यांच्याकडे पाठ करून जेवायचा आणि कोण बोललं ते ओळखायचा. चुकला की पुन्हा बोलायला लावायचा. पोरं वैतागली, मग त्यांनाही मजा यायला लागली.

तिसऱ्या दिवशी कोचसमोर कोर्टवर पाठमोरा उभा राहिला. ज्याने हाक मारली, त्याच्या हातात बॉल.

कोचने त्याच दिवशी व्हिसाचे पेपर टाकायला सांगितले. भाभींनी भांडी पुन्हा फळीवर लावली. नाझिया त्याच शाळेत शिकली.

तिला दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. त्या दिवशी एकदाचं बोलून टाकलं.

"अस्लमभाई, तेव्हा मी सवयीने ओरडलो नव्हतो. मुद्दाम ओरडलो. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो."

तो पेढा खात राहिला.

"माहीत आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तेवढा एकच दिवस तू प्रोफेशनलसारखा खेळलास."

आणि असा हसला की भाभी किचनमधून बघायला आल्या. मला लाजही वाटली आणि, खोटं कशाला बोलू, छातीही फुगली.

त्या हसण्यात माफी मागायची राहून गेली.

आज मागतो, अस्लमभाई. माफ कर.

तुला मनापासून सलाम.